संगीताच्या वाटची ओ

छबुबाईला नक्कल करायला माणूस समोर लागायचं नाही. नुकतंच पाठ फिरवून गेलेलं असलं की बस. तलाठी चावडीतून निघायचा, त्याची मोटारसायकल वळणाआड व्हायची आणि इकडं लिंबाच्या पारावर तोच तलाठी पुन्हा बोलायला लागायचा. "बघू. करू. सोमवारी या." मधेच जीभ फिरवून दाढेतली सुपारी काढायचा. छबुबाईच्या तोंडात सुपारी नसायची, तरी ती सगळ्यांना दिसायची.

बाई पन्नाशीची, अंगानं वाळलेल्या शेंगेसारखी. नवरा बंकट, म्हणजे गावातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. तो दिवसभरात जेवढं बोलायचा तेवढं ही चहा गाळेपर्यंत बोलून मोकळी व्हायची, आणि त्यातलं निम्मं बंकटच्याच आवाजात. "छबे, मीठ," असा घोगरा आवाज चुलीपाशी उठायचा आणि बंकट ओसरीवरून म्हणायचा, "मी काय म्हणलोच न्हाई." मग ती त्याचं हे वाक्यही म्हणून दाखवायची. आमचं घर मधे, डावीकडं छबुबाई, उजवीकडं मुक्ताबाई. भिंती अशा की ऐकायला कान लावावा लागत नाही, न ऐकायला मात्र कष्ट पडतात.

आमचं गाव चौसाळ्याहून वर, डोंगराच्या पोटाला. दसरा झाला की डोंगरातल्या सीताफळांचे डोळे उघडायला लागतात आणि बाया टोळ्या करून फळं तोडायला निघतात. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, हातात फांदी खाली ओढायची आकडी, आणि फळं बांधून आणायला पोत्यांचं शिवलेलं चवाळं. वाट अशी नसतेच. वर्षभर कुणी फिरकत नाही, म्हणून पावसाळा संपेपर्यंत घाणेरी आणि बोराटी तिला गिळून बसलेली असते. पुढची बाई कोयत्यानं झोडपत जाते, मागच्या तिच्या पाठीवर नजर ठेवून जातात, आणि कुसळं सगळ्यांनाच सारखी टोचतात. वाटेत दोन ओढे. गावाकडचा थोरला, दसऱ्यालाही कमरेला लागणारा. वरचा धाकटा, नुसता घोटाभर, पण शेवाळानं माणूस पाडणारा. त्याच्या पलीकडं सीताफळीचं रान.

रानात शिरलं की हातभरावरची बाई दिसत नाही. म्हणून तिथं हाकेची रीत आहे. टोळीतली सगळ्यात मोठी बाई थोड्या थोड्या वेळानं एकेकीचं नाव घेऊन हाक मारते आणि जिचं नाव तिनं ओ द्यायची. ओ आली नाही तर सगळ्यांनी हातातलं टाकून तिकडं जायचं. आमच्या आजीच्या आजीपासूनची रीत. तेव्हा वाघ होता, मधे तो गेला, तरी रीत राहिली. आता दोन-तीन वर्षांपासून तो परत आलाय. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. आधी शेळ्या गेल्या, मग बांधलेलं वासरू, आणि मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या खोऱ्यात ज्वारीला पाणी धरणारा एक माणूस.

त्यानंतर वनखात्याची जीप आली होती, वर भोंगा बांधून. जीप गेल्यावर पारावर छबुबाईनं पदर तोंडाशी भोंग्यासारखा धरला. आधी भोंग्याची शिट्टी, कुईंऽऽ, मग आवाज. "सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती करण्यात येते की, संध्याकाळनंतर एकट्याने बाहेर पडू नये. उघड्यावर वाकून अथवा बसून राहू नये."

"मग काय उभ्यानंच उरकायचं का ओ साहेब?" कौसाबाई म्हणाली. ती आमच्या गल्लीच्या टोळीची म्होरकी, साठीची, आवाज दळणाच्या गिरणीसारखा.

"त्याबाबत वरून आदेश आलेले नाहीत," भोंगा म्हणाला. बाया हसून हसून पारावरून खाली यायच्या बाकी राहिल्या.

त्या हसण्यात संगीता नव्हती. ती दाराच्या चौकटीत, पदर दाताखाली धरून, खांदे हलवत होती. संगीता म्हणजे मुक्ताबाईंची सून. लग्नाला दीड वर्ष झालेलं, नवरा अभिमन्यू माजलगावकडं कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. तिचा आवाज गल्लीत कुणी ऐकलेला नव्हता म्हणलं तरी चालेल. सासूशी बोलायची तेही इतकं हळू की मुक्ताबाईंनाच दोनदा विचारावं लागायचं. मुक्ताबाईंच्या घरात सुनेनं आवाज चढवायचा नाही हा नियम, आणि तो मोडायचा संगीताचा स्वभावही नव्हता.

यंदा मुक्ताबाईंचा गुडघा धरला. डोंगर जमणार नव्हता. छबुबाई त्यांच्या ओसरीवर गेली आणि म्हणाली, "मग संगीताला धाडा की."

"ती काय करतीय तिथं. कधी बघितलाय का तिनं डोंगर."

"बघंल की. डोंगर काय पळून चाललाय?"

"छबे, लोकाची पोर हाय. मला तिच्या आईला तोंड दाखवायचंय."

"आत्या, मी नेते तशी आणते. हे मी म्हणतीय, तलाठी न्हाई म्हणत."

मुक्ताबाई त्यावर हसल्या नाहीत, पण संगीताला शर्ट काढून दिला.

टोळी चौघींचीच होती. पुढं कौसाबाई, तिच्यामागं आम्रपाली, मग संगीता, शेवटी छबुबाई. आम्रपाली खालच्या आळीतली, बारावी झालेली, मोबाइलवर गाणी लावून चालणारी. "वाघ गाणं ऐकून पळतो म्हणे," ती म्हणाली.

"तुझं गाणं ऐकून मी पळन," कौसाबाई म्हणाली. "बंद कर ते. हाक ऐकू यायला पायजे."

पहिल्या दिवशी रानात शिरल्यावर कौसाबाईनं हाक दिली. "आम्रपाली."

"ओ."

"छबे."

"ओ," अगदी कौसाबाईच्याच गिरणीच्या आवाजात.

"माझ्यासारखं बोलू नको, सटवे. संगीता."

काही नाही. घाणेरीत पाखरं तेवढी.

"संगीता."

छबुबाई चार झुडपं सोडून होती. वाकून बघितलं तर संगीता तिथंच, हातात आकडी, तोंड उघडलेलं, मान लाल. ओ देत होती, पण ती पुढच्या फांदीपर्यंतच जात होती. कौसाबाई सासूच्या वयाची. तिच्या हाकेला जोरात ओरडायचं ते संगीताच्या गळ्यातून निघेना.

"अगं ओरड की," छबुबाई म्हणाली.

"येत न्हाई काकू," संगीता म्हणाली. "लाज वाटती."

मग छबुबाईनंच ओ दिली. बारीक, नाकात अडकलेली, शेवटाला जरा वर गेलेली. खरं तर संगीताचा मोठा आवाज कसा असेल हे तिला तरी कुठं माहीत होतं. तो तिनं तिथल्या तिथं बनवला. पण असा बनवला की रानापलीकडून आम्रपाली खिदळली, "वैनी, बोलता येतं की तुमाला." संगीतापण पदरात तोंड घालून हसली.

तेव्हापासून संगीताच्या वाटची ओ छबुबाईच द्यायला लागली. कौसाबाईला ते कळायचं, ती कुरकुरायची. "हाक म्हंजी खेळ न्हाई, छबे."

"माझ्या नजरंसमोर हाय ती. तुमी निवांत असा."

आणि ती असायचीही. चार झुडपांवर, सहा झुडपांवर. छबुबाई आधी बघायची, मग ओ द्यायची. पुढं पुढं ओ आधी द्यायची, मग बघायची. दिवाळीच्या तोंडाला फळ पिकत चाललं, सगळ्या घाईत होत्या. त्या दिवसात ती नुसतीच ओ द्यायला लागली.

तो दिवस ढगाळ होता. दुपार कलत होती, चवाळी भरत आली होती. संगीताला बसायचं होतं. असल्या कामाला कुठली बाई सांगून जात नाही, नवी सून तर नाहीच. पाणी जवळ पाहिजे म्हणून ती आकडी झुडपाला अडकवून धाकट्या ओढ्याकडं उतरली.

थोड्या वेळानं खालून एक आवाज आला. लांब, फाटका, वर जाऊन एकदम तुटलेला.

कौसाबाई थांबली. "काय होतं गं?"

"मोर," आम्रपाली म्हणाली. "मोर ओरडला."

आमच्या डोंगरात मोर खूप आहेत, आणि तो ओरडतोही तसाच. संगीताचा मोठा आवाज कुणी ऐकलेला असता तर कुणी मोर म्हणलं नसतं.

पण कौसाबाईला ते पटलं नसावं. तिनं वेळ नसताना हाक घेतली. आम्रपालीनं ओ दिली. छबुबाईनं दिली. "संगीता."

छबुबाई फांदीला लोंबकळत होती, दोन मोठी फळं हाताला येत नव्हती. तिथूनच, न वळता, तिनं तो बारीक, नाकातला आवाज काढला. "ओऽऽ."

कौसाबाईचा जीव भांड्यात पडला आणि ती परत तोडायला लागली. आम्रपाली मात्र तेवढ्यात चवाळं ओढत त्या बाजूला आली होती. तिला झुडपाला अडकलेली आकडी दिसली. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"मावशी, वैनी कुठंय?"

"इथंच हाय की."

"इथं कुणीच न्हाई."

छबुबाईनं मागं बघितलं. मग तिनं हाक मारली, स्वतःच्या आवाजात, गळा फाडून. रानातून ओ आली नाही. आता देणारंच कुणी नव्हतं.

धाकट्या ओढ्यापाशी एक चप्पल होती. शेवाळावर घसरल्याचा लांब पट्टा होता, आणि तो पाणी ओलांडून पलीकडं, गावाच्या बाजूच्या काठावर, करंजाखाली गेला होता. करंजाखाली घाणेरी हलत होती. कौसाबाईनं भाकरीच्या डब्यावर कोयता वाजवायला सुरुवात केली. आम्रपाली दगड मारत होती आणि आईला हाका मारत होती. छबुबाई सरळ पाण्यात शिरली, पडली, उठली, आकडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून चालत गेली. ती काय ओरडत होती ते आम्रपालीला आजही सांगता येत नाही. म्हणते, त्यात बंकटकाकाचा आवाज होता, कौसाबाईचा होता, भोंग्याचा होता, सगळं गावच ओरडत आल्यासारखं वाटलं.

वाघानं तोंड वर काढलं. बघितलं. मग झुडपात मागं सरकला, फार लांब नाही.

संगीता जिवंत होती. गळ्याला धरलेलं होतं. डोळे उघडे, ओठ हलत होते आणि आवाज म्हणून नुसता वारा येत होता. फळं तिथंच ओतून त्यांनी चवाळं रिकामं केलं, तिला त्यात घेतलं. पुढची दोन टोकं कौसाबाई आणि आम्रपालीनं खांद्यावर घेतली, मागून छबुबाईनं डोक्याकडची बाजू धरली. टॉवेल गळ्याला बांधला होता. तो काही करत नव्हता.

सकाळी तोडत आलेली वाट तीच होती, पण एका माणसाच्या रुंदीची. चवाळं दोन्हीकडून बोराटीला घासत होतं. डाव्या अंगाला झाडी हलायची. ह्या थांबल्या की ती थांबायची, ह्या चालल्या की तीपण चालायची.

"येतंय ते," आम्रपाली म्हणाली.

"बघू नको. चाल," कौसाबाई म्हणाली.

थोरला ओढा अजून खाली होता तेव्हाच छबुबाईच्या हाताला कळलं. गळ्यातला वारा थांबला होता. तिनं अंगठा ओठांवर धरून बघितला, मग नाकापाशी. ती तशीच चालत राहिली.

कौसाबाई पुढून दमून बोलली, "छबे, खरं सांग. हाय का गेली?"

छबुबाईनं चवाळं वर सावरून धरलं.

"गेली असंल तर इथं ठेवू. वर दगडं रचू, पळत जाऊन माणसं आणू. माझ्यानं आता होत न्हाई. ह्या पोरीला पण खाईल ते. मेलेलीच्यापायी तिघींनी मरायचं का?"

ती खोटं बोलत नव्हती. ती दर चार पावलांना अडखळत होती आणि आम्रपालीचा खांदा सोलला होता. पण दगड रचून वाघ थांबत नाही हे तिघींनाही माहीत होतं. माणसं येईपर्यंत काय उरलं असतं, तेही.

तेव्हा चवाळ्यातून आवाज आला. बारीक, नाकातला, शेवटाला जरा वर गेलेला. "पाणी."

आम्रपाली रडायलाच लागली. "कौसाआत्या, बोलली. वैनी बोलली. जित्ती हाय."

"चला," कौसाबाई म्हणाली आणि टोक परत खांद्यावर घेतलं.

छबुबाईचं डोकं संगीताच्या डोक्याशी वाकलेलं होतं. तोंड कुणाला दिसत नव्हतं. वाटभर, त्या मंदावल्या की, चवाळ्यातून तो आवाज यायचा. "पाणी." मधे एकदा, "आई." मग परत, "पाणी." आणि त्याला छबुबाई आपल्या आवाजात उत्तर द्यायची, "आलं गं, आलंच गाव, गप पड."

थोरल्या ओढ्यात उतरल्या तेव्हा पाणी कमरेला होतं. चवाळं वर धरलं तरी खालून भिजलं. आम्रपालीनं एका हातानं टोक धरून दुसऱ्या हाताची ओंजळ भरली. "मावशी, थोडं पाजते. किती बार मागतीय."

"न्हाई."

"अवं पण पाण्यातच हाव आपण."

"गळ्याला लागलंय. ठसका लागंल. सांड ते. चल पुढं."

आम्रपालीनं ओंजळ सांडली. पलीकडच्या काठावर पोचल्यावर मागची झाडी हलायची थांबली.

सडकेला फळं न्यायला आलेला रामकिसनचा टेम्पो उभा होता. त्यानं चवाळ्यात बघितलं, छबुबाईकडं बघितलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "चल म्हणलं ना," छबुबाई म्हणाली. तो काही न बोलता टेम्पोत बसला. बीडच्या दवाखान्यात डॉक्टरनं बॅटरी डोळ्यांवर मारली आणि विझवली.

ओ कुणी दिली होती ते कौसाबाईनं गावात सांगितलं नाही. हाक तिची होती, ओ तिनं मान्य केली होती, कदाचित म्हणून. पण पाण्याची गोष्ट आम्रपालीच्या पोटात राहणारी नव्हती. ती रडत रडत आईला बोलली, आई हापश्यावर बोलली, आणि तेरावा यायच्या आत ती गोष्ट सगळ्या गावाची झाली. पोरगी पाणी पाणी करत गेली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून छबीनं घोटभर पाजू दिलं न्हाई. छबुबाई हापश्यावर आली की बाया घागरी उचलायच्या. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पारावर ती बसेना. तलाठी येऊन जायचा, त्याची नुसती धूळ राहायची.

तेराव्यानंतर, दुपारी, उजवीकडून हाक आली. "छबे."

"ओ," डावीकडून आली. आमच्या दारावरून ती गेली, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन.

मुक्ताबाई ओसरीवर गुडघा लांब करून बसल्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "पाणी मागत होती म्हणे."

छबुबाई उभीच.

"डॉक्टरनं सांगितलंवतं का तुला, पाजू नको म्हणून? तू कावून पाजलं न्हाईस? जाणारा जीव. एक घोट. त्या ओढ्याला काय कमी पडणार होतं?"

मग छबुबाई बोलली, आणि ते तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा इतकं हळू होतं की मुक्ताबाईंना विचारावं लागलं, "काय?"

"ती मागत नव्हती. मी मागत होते."

"म्हंजी?"

"ती वरच्या अंगालाच गेलती, आत्या. थोरला ओढा यायच्या आधी. ह्या म्हणल्या ठेवू. ठेवली असती तर तुमच्या हाती काय आलं असतं? म्हणून मी तिच्या आवाजात बोलले. उचलून चालल्या मग. आणि त्याच्या आधीची ओ पण मीच दिलती. कौसाबाईनं हाक दिली तवा. ती खाली ओढ्यात होती आणि मी वरून तिची ओ दिली. न बघता."

भिंतीपलीकडं कोंबडी फडफडली तेवढीच. आमच्या घरात कुणी भाकरी थापत होतं, ते हात थांबले.

"कसं म्हणत होतीस?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"काय?"

"पाणी. कसं म्हणलीस, म्हणून दाखव."

"नका, आत्या."

"म्हण."

छबुबाईनं म्हणलं. "पाणी." बारीक, नाकातलं, शेवटाला जरा वर गेलेलं. आमच्या घरात ज्यांनी संगीताचा आवाज कधी ऐकला नव्हता त्यांनाही तो तिचाच वाटला.

मुक्ताबाई भिंतीला धरून उठल्या. गुडघा कटकट वाजला. त्या आत गेल्या, रांजणात तांब्या बुडाल्याचा आवाज आला. भरलेला तांब्या त्यांनी छबुबाईच्या पायापाशी फरशीवर ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या. "मागितलंस ना. पी."

छबुबाई खाली बसली आणि प्यायली. सगळा तांब्या, मधे न थांबता, पाणी गळ्यावरून पदरावर सांडलं तरी.

"परत तिचा आवाज काढू नको," मुक्ताबाई म्हणाल्या. "कुणाचाच काढू नको."

"न्हाई काढत."

मुक्ताबाईंनी तांब्या उचलला, विसळला आणि उपडा घातला. आतूनच म्हणाल्या, "जाताना दार ओढून घे. कोंबडी शिरती."